जिंकत आलेलं युद्ध अचानक रद्द का होतं? क्रुसेडर किंग्ज ३ मधला बग कुठला आणि नियम कुठला

क्रुसेडर किंग्ज ३ म्हणजे मध्ययुगातल्या राजघराण्यांचा कॉम्प्युटर गेम. त्यातलं माझं सात वर्षं चाललेलं युद्ध. वॉर स्कोअर, म्हणजे युद्ध शंभरपैकी किती जिंकलं ते दाखवणारा आकडा, ९४. शत्रूची राजधानी माझ्या ताब्यात, त्याचं सैन्य पळून पळून दमलेलं, माझ्याही तिजोरीत खडखडाट होता पण म्हटलं आता महिना दोन महिन्यांचा प्रश्न आहे. स्पीड वाढवला आणि वर एक पट्टी आली, युद्ध रद्द. विजय नाही, हार नाही, काहीच नाही. घेतलेली ठाणी आपोआप परत गेली आणि माझं सैन्य परक्या मुलखात उभं, लग्नाला आलेल्या चुकीच्या पाहुण्यासारखं.

मग मी तेच केलं जे सगळे करतात. आधी शिव्या, मग फाइल्स व्हेरिफाय, मग मॉड (गेममध्ये बदल करणाऱ्या, खेळाडूंनी बनवलेल्या जोडण्या) बंद, मग अख्खा गेम काढून परत टाकला. दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी जुना सेव्ह लोड करून एकेक दिवस हळूहळू पुढे नेत बघितलं तेव्हा कळलं की ज्या चुलत भावाच्या क्लेमसाठी, म्हणजे किताबावरच्या दाव्यासाठी, मी भांडत होतो तो म्हातारा, वय ६३, संधिवाताचा पेशंट, माझ्याच दरबारात आरामात बसलेला, तो मेला होता. दावा त्याचा, तो गेला, दावा गेला, युद्ध गेलं. गेममध्ये काहीही बिघडलेलं नव्हतं. बिघाड माझ्या समजुतीत होता.

तेव्हापासून ओळखीतल्या कोणीही "अरे बग आहे यात" असं म्हटलं की मी आधी एकच विचारतो, कोण मेलं? दहापैकी निम्म्या वेळा तरी तिथेच उत्तर निघतं. कारण हा गेम वरून नकाशाचा वाटला तरी हिशोब देशांचा ठेवत नाही, माणसांचा ठेवतो. युद्ध माणसाचं, तह माणसाचा, मैत्री माणसाची, क्लेम माणसाचा. आपण बाकीचे स्ट्रॅटेजी गेम खेळून आलेलो असतो, तिथे देश देशाशी भांडतो आणि राजा म्हणजे नुसता कोपऱ्यातला फोटो, तीच सवय घेऊन इथे आलं की पावलोपावली बग दिसायला लागतात.

आता एकेक घोळ घेतो. क्रम काही खास नाही, मला ज्याचा जास्त त्रास झाला ते आधी.

युद्ध आपोआप रद्द होणं. वर सांगितलं ते पहिलं कारण, दावेदार मेला. दुसरं कारण जास्त चकवतं, ज्या किताबासाठी युद्ध चालू आहे तो किताबच समोरच्याच्या राज्यातून बाहेर गेला. म्हणजे तुम्ही एका डचीसाठी (ड्यूकचा मुलूख) लढताय, त्याच वेळी तिसराच कोणीतरी त्याच डचीसाठी त्याच राजाशी लढतोय आणि तो तुमच्या आधी जिंकला, किंवा तिथला सरदार बंड करून स्वतंत्र झाला, किंवा वारसाहक्काने ती जमीन भलत्याच राज्यात गेली. मग तुमच्या युद्धाला कारणच उरत नाही. म्हणून युद्ध पुकारण्याआधी समोरच्याच्या प्रोफाइलवर जाऊन तो आणखी कोणाशी लढतोय का ते बघाच. अडचणीत सापडलेला शेजारी बघून आपल्याला आनंद होतो, मलाही होतो, पण लचका तोडायला तिघे धावले की एकाच्याच हाती लागतो.

दुसऱ्याचा क्लेम घेऊन लढायचं असेल तर दावेदार तरुण आणि तब्येतीने धड असलेला निवडा. हे ऐकायला निर्दयी वाटतं पण खरं आहे. आणि जिंकल्यावर तो माणूस तुमच्या हाताखाली राहणार की स्वतंत्र राजा होऊन बसणार हे युद्ध पुकारायच्या खिडकीतच लिहिलेलं असतं, विजय, बरोबरी आणि हार या तिन्हीचे परिणाम तिथे दिसतात, त्यावर माउस नेऊन पूर्ण वाचा. मी एकदा न वाचता चार वर्षं लढून एका पाहुण्याला राजा बनवला आणि तो गादीवर बसल्या क्षणी माझा कोणीच लागत नव्हता. हाही बग नव्हता. तिथे स्पष्ट लिहिलेलं होतं.

वॉर स्कोअर पुढेच सरकत नाही. हा सगळ्यात वारंवार येणारा प्रश्न. "मी तीन लढाया जिंकलो, चौथी जिंकलो तरी आकडा हलत नाही." बरोबर आहे, कारण लढायांमधून किती टक्के मिळू शकतात त्याला वरून झाकण आहे. ते भरलं की पुढची कितीही मोठी लढाई जिंका, उपयोग शून्य. स्कोअरच्या आकड्यावर माउस नेला की फोड दिसते, लढायांचे किती, ताब्यात घेतलेल्या ठाण्यांचे किती, कैद्यांचे किती आणि वॉर गोल, म्हणजे ज्यासाठी युद्ध चाललंय तो मुलूख, हातात असल्यामुळे हळूहळू वाढत जाणारे किती. ती फोड वाचायची सवय लावा, अर्ध्या तक्रारी तिथेच संपतात.

त्यात सुद्धा एक बारीक मेख आहे जी मला खूप उशिरा कळली. काउंटी म्हणजे एकच ठाणं नसतं, आत अनेक बॅरनी असतात. काउंटीचं मुख्य ठाणं पडलं की तटबंदी नसलेल्या बाकीच्या बॅरनी, म्हणजे साधी शहरं आणि देवस्थानं, आपोआप तुमच्याकडे येतात. पण आत दुसरा किल्ला असेल तर तो वेगळा वेढा घालून घ्यावा लागतो. आपण मुख्य ठाणं घेतो, नकाशावर पट्टे दिसतात, आपण खूश होऊन पुढे निघतो, आणि कुठल्यातरी डोंगरात एक किल्ला तसाच शत्रूकडे राहिलेला असतो. मग वॉर गोल पूर्ण हातात नाही, मग टक्के वाढत नाहीत. तेव्हा स्कोअर अडकला की झूम करून वॉर गोलमधली प्रत्येक बॅरनी तपासा. उलटही लक्षात ठेवा, वॉर गोल बचाव करणाऱ्याच्या हातात राहिला तर वेळ त्याच्या बाजूने मोजला जातो, तुम्ही हल्ला करून नुसते बसून राहिलात तर आकडा तुमच्या विरुद्ध सरकायला लागतो आणि तुम्हाला वाटतं गेम वेडा झाला.

वेढा पडलाय पण पट्टी हलत नाही असंही होतं. तिथे आधी किल्ल्यातल्या शिबंदीचा आकडा आणि तुमच्या सैन्याचा आकडा शेजारी ठेवून बघा. सैन्य कमी पडत असेल तर वेढा नुसता दिसतो, चालत नाही. लढाई जिंकून जखमी झालेलं सैन्य लगेच वेढ्याला बसवलं की हे हमखास होतं.

राजा मेला तरी युद्ध संपलं नाही! हा प्रश्न मला खूप आवडतो कारण त्याचं उत्तर इतिहासातही आहे. शत्रूचा राजा लढाईत कैद झाला तर वॉर स्कोअर थेट १०० वर जातो, खेळ खलास. पण तो मेला तर त्याचा वारस गादीवर येतो आणि तेच युद्ध पुढे चालवतो. १४ ऑक्टोबर १०६६ ला हेस्टिंग्जच्या लढाईत इंग्लंडचा राजा हॅरॉल्ड मेला, आपल्याला वाटतं तिथेच चढाई करून आलेल्या विल्यमने इंग्लंड जिंकलं, पण लंडनमध्ये लगेच एडगर नावाच्या पोराला राजा म्हणून पुढे केलं गेलं आणि विल्यमला मुकुट मिळाला तो २५ डिसेंबरला, मधले दोन महिने त्याला मुलूख तुडवतच फिरावं लागलं. गेमचा नियम इतका काही अचाट नाही मग.

आणि कैद केलेल्या राजाला युद्ध संपायच्या आधी खंडणी घेऊन सोडू नका. तुम्ही म्हणाल एवढा मूर्ख कोण असतो, तर मी. पैशाची चणचण होती, समोर चांगली रक्कम दिसली, बटण दाबलं, आणि १०० चा आकडा धाडकन खाली. आधी डिमांड्स लादा, मग काय ती खंडणी. राजधानीला वेढा घालण्याचा फायदाही हाच, किल्ला पडला की आतली बायकापोरं, दरबारी, कधी कधी खुद्द राजा, हाती लागण्याची शक्यता असते. दूरच्या चार ठाण्यांपेक्षा एक राजधानी बरी.

ट्रूस. तह झाला की साधारण ५ वर्षं त्याच माणसावर परत चढाई करता येत नाही, म्हणजे करता येते पण त्याची किंमत मोजावी लागते आणि सगळे तुम्हाला शब्द मोडणारा म्हणून ओळखतात. आता गंमत अशी की हा तह पण दोन माणसांतला. दोघांतला एक मेला की तह संपला. म्हणून "माझा ट्रूस अजून तीन वर्षं बाकी होता तरी त्याने हल्ला केला" ही तक्रार आली की मी विचारतो, राजा बदलला का? बदललेलाच असतो. गेम ८६७ सालापासून सुरू करून राष्ट्रकूटांचा अमोघवर्ष घेऊन खेळून बघा म्हणजे हे अंगावर येतं. प्रत्यक्ष इतिहासात तो ८१४ पासून गादीवर होता आणि ८७८ पर्यंत टिकला, म्हणजे ८६७ ला सत्तरीकडे झुकलेला माणूस. तुम्ही त्याच्या नावाने तह करता, लग्नं जमवता, दोस्त जोडता, आणि एका सकाळी आजोबा जातात आणि अख्खी मांडणी त्यांच्याबरोबर जाते. पहिल्या दहा वर्षांत काय ते उरकून घ्या किंवा मुलाच्या नावाने सोयरीक आधीच तयार ठेवा.

कारण अलायन्सचंही तेच. राजा मेला की जुनी मैत्री तशीच पुढे जात नाही, नव्या राजाच्या जवळच्या नात्यातलं लग्न शिल्लक असेल तर परत बोलणी करून ती जोडून घ्यावी लागते. लोक हे विसरतात. गादीवर नवा राजा आला की माझा पहिला अर्धा तास, गेमच्या आतला म्हणतोय, फक्त पाहुणे शोधण्यात जातो, बहीण कुठे दिली होती, आत्या कुठे आहे, तिचा नवरा जिवंत आहे का. हे सगळं पॉज करून. पॉज न करता हे करणाऱ्याला मी काही मदत करू शकत नाही.

दोस्त युद्धात आला पण लढतच नाही, भलतीकडेच फिरतोय, यावर माझ्याकडे खरंच औषध नाही. तो एआय आहे, त्याला त्याची अक्कल आहे. दोस्त सैन्य म्हणजे बोनस समजा, हिशोबात धरू नका. मात्र उलट बाजूने, दोस्ताने हाक मारली आणि तुम्ही नाही म्हटलंत तर मैत्री तुटते आणि प्रेस्टिजही (प्रतिष्ठेचे गुण) जातं, त्यामुळे चारी दिशांना लग्नं लावून ठेवली की चारी दिशांच्या भांडणांची आमंत्रणं येतात हे आधी लक्षात घ्या.

होली वॉरचा पर्यायच दिसत नाही. आपल्याकडचे राजे घेऊन खेळणाऱ्यांना हे फार होतं. शेजारी वेगळ्या पंथाचा आहे, मग धर्मयुद्ध का नाही? कारण पंथ वेगळा असणं पुरेसं नाही, तुमचा पंथ समोरच्याला किती शत्रू मानतो यावर ते ठरतं, आणि हिंदू, जैन, बौद्ध पंथ एकमेकांना तितकं शत्रू मानत नाहीत. तिथे क्लेम बनवणं हाच सरळ रस्ता, दरबारातल्या धर्मगुरूला त्या काउंटीवर क्लेम रचायला बसवा आणि थांबा. जिथे होली वॉर चालतं तिथे पायटी (धार्मिकतेचे गुण) खर्च होते ती आधी साठवावी लागते, आणि समोरच्याचे धर्मबंधू न बोलावता त्याच्या मदतीला उतरू शकतात. छोटं राज्य बघून धर्मयुद्ध पुकारलं आणि पाठीमागून तीन राजे आले, हा बग नाही, ते त्याचे पाहुणे आहेत.

युद्ध पुकारायचं बटण करडं दिसतं तेव्हा त्यावर माउस ठेवा, कारण लिहिलेलं असतं, अनेकदा एकाहून जास्त कारणं असतात आणि आपण पहिलं वाचून थांबतो. तुम्ही स्वतः कोणाचे सरदार असाल तर वरच्या राजाची क्राउन ऑथॉरिटी, म्हणजे सरदारांवरचा कायदेशीर वचक, किती आहे ते बघा, ती वरच्या पायऱ्यांवर गेली की सरदारांना आपापसात मोकळं भांडता येत नाही.

आता पैसे गायब होतात तो प्रकार. सैन्याला लांबच्या ठिकाणी जायची आज्ञा दिली, सैन्य निघालं, थोड्या वेळाने बघतो तर तिजोरी रिकामी. चोरी नाही झाली, सैन्य बोटीत बसलं. जहाजात चढायला पैसे लागतात आणि गेम जवळचा रस्ता शोधताना समुद्रातून न्यायला मागेपुढे बघत नाही, एखादी छोटी खाडी ओलांडायला सुद्धा. म्हणून लांबचा प्रवास एका क्लिकमध्ये देऊ नका, बाण कुठून जातोय ते बघा, समुद्रावरून जात असेल आणि नको असेल तर मधलं एखादं जमिनीवरचं ठिकाण आधी द्या. शिवाय बोटीतून उतरल्या उतरल्या लढाईला उभं राहिलात तर सैन्याची ताकद चांगलीच मार खाते, शत्रू किनाऱ्यावर वाट बघत असेल तर दुसऱ्या जागी उतरून काही दिवस दम खा आणि मग भिडा. दुप्पट सैन्य असून हरलो म्हणणाऱ्यांची लढाई बहुतेक नदी ओलांडून किंवा किनाऱ्यावर उतरून झालेली असते. नाहीतर नुसत्या लेव्हींची, म्हणजे गोळा करून आणलेल्या साध्या माणसांची, गर्दी असते आणि समोर कमी पण खरे शिपाई, मेन ॲट आर्म्स. संख्या बघून लढाई ठरवू नका एवढंच.

सैन्य आपोआप वितळतं त्याचं कारण रसद. एकाच बॅरनीत दहा हजार माणसं कोंबली की तिथली रसद पुरत नाही, साठा संपला की माणसं मरायला लागतात. वेगवेगळ्या तुकड्या शेजारशेजारच्या बॅरनीत ठेवा आणि लढाईपुरत्या एकत्र आणा. हरल्यावर सैन्य माझं ऐकतच नाही, सरळ पळत सुटलंय, हेही ठरलेलंच आहे, माघार पूर्ण होईपर्यंत ते तुमच्या हातात नसतं.

आणि मग वाटणी. याच्यावर वेगळं लिहायला पाहिजे खरं तर, कारण सगळ्यात जास्त लोक इथे खेळ सोडतात. सुरुवातीला बहुतेकांकडे कॉन्फेडरेट पार्टिशन नावाचा वारसाकायदा असतं. त्यात फक्त असलेली जमीन मुलांत वाटली जात नाही, तुमच्या ताब्यात दुसऱ्या एखाद्या राज्याची पुरेशी जमीन असेल तर तुम्ही मेल्यावर तो किताब गेम स्वतः निर्माण करतो आणि दुसऱ्या मुलाला देऊन टाकतो. म्हणजे तुम्ही आयुष्यभर एकच राज्य म्हणून चालवलेलं, मुद्दाम दुसरा मुकुट बनवला नाही, तरी बाप मेल्यावर दोन स्वतंत्र राजे. लोक म्हणतात हा काय अन्याय, पण ८४३ मध्ये व्हर्दूनच्या तहाने फ्रँकांचं साम्राज्य लोथेअर, लुई आणि चार्ल्स या तीन भावांत असंच फुटलं, गेमने ते कुठून उचललं ते स्पष्ट आहे. युद्ध चालू असताना हे झालं तर निम्म्या लेव्ही भावांच्या जमिनीबरोबर जातात, मेन ॲट आर्म्स मात्र मुख्य वारसाकडे राहतात, म्हणून राजा म्हातारा झाला की पैसा लेव्हीपेक्षा त्यांच्यावर घाला. नव्या युगातली इनोव्हेशन्स मिळाली की साधं पार्टिशन, मग हाय पार्टिशन आणि खूप उशिरा थोरल्याला सगळं असा रस्ता आहे, तोवर घराण्याचे प्रमुख तुम्ही असाल तर रिनाउन (घराण्याच्या कीर्तीचे गुण) खर्च करून एखाद्या मुलाला वारसातून काढता येतं, किंवा मग मुलं कमी होऊ द्या. गेममध्ये ब्रह्मचर्य सुद्धा धोरण आहे.

इतकं सगळं तपासून झालं आणि तरी पटत नाही, तेव्हा खऱ्या बगकडे या. माझी कसोटी साधी आहे, टूलटिप (माउस नेल्यावर उघडणारी माहितीची चौकट) जे सांगतं आणि प्रत्यक्ष जे होतं ते जुळत असेल तर तो नियम, मला आवडला नाही तरी. जुळत नसेल, म्हणजे टूलटिप म्हणतं किताब मिळेल आणि जिंकल्यावर मिळत नाही, खिडकी रिकामी उघडते, बटणाच्या जागी कोडसारखा काहीतरी मजकूर दिसतो, तर तो बग. आणि माझ्या मशीनवर तरी अशा वेळी गुन्हेगार बहुतेक वेळा मॉड निघालेत.

विशेषतः मोठा अपडेट आल्यावर. जे मॉड स्क्रीनची मांडणी बदलतात ते जुन्या खिडकीच्या फाइलवर बेतलेले असतात, गेमने ती खिडकी बदलली की मॉड जुनीच वर चढवतो आणि नवीन बटणं गायब. मला एकदा युद्ध पुकारायच्या खिडकीत कारणांची यादीच रिकामी दिसत होती, दोन दिवस मी नियम शोधत बसलो, शेवटी नकाशावरची अक्षरं सुंदर करणाऱ्या मॉडबरोबर आलेलं एक छोटं शेपूट निघालं. मॉड शोधायची पद्धत अशी, अर्धे बंद करा, गेम चालू करा, घोळ राहिला का बघा, राहिला तर उरलेल्यातले अर्धे बंद, गेला तर बंद केलेल्यातले अर्धे चालू. ४० मॉड असले तरी सहा वेळांत सापडतो, एकेक करत बसलात तर रविवार गेला. फक्त हे करताना नवीन खेळ सुरू करून तपासा, चालू सेव्हमधून मॉड काढून तोच सेव्ह पुढे नेला की नवेच घोळ तयार होतात आणि मग कुठला मूळचा नि कुठला आपण केलेला ते समजत नाही. आणि दोन मॉड आपापले चांगले असून एकत्र भांडतात असंही असतं, मग लाँचरमधल्या यादीत वरखाली करून बघा.

मॉड नसतील तर स्टीमच्या लायब्ररीत गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, इन्स्टॉल्ड फाइल्स, आणि तिथे व्हेरिफाय. चित्रं फाटलेली दिसत असतील, नकाशा काळा पडत असेल, सुरू होतानाच बंद पडत असेल तर डॉक्युमेंट्समध्ये गेमचा फोल्डर असतो त्यातला शेडर कॅशचा फोल्डर उडवा, तो परत आपोआप बनतो, पहिल्यांदा सुरू व्हायला थोडा वेळ जास्त लागेल. तिथेच लॉग्जमध्ये एरर लॉग आहे. तो उघडला की शेकडो ओळी बघून घाबरू नका, साध्या गेममध्येही त्यात ओळी असतात, तुम्ही फक्त एकच गोष्ट बघायची, एखाद्या मॉडच्या फाइलचं नाव परत परत येतंय का.

सेव्ह गायब होणं किंवा जुना सेव्ह परत येणं, यात बहुतेक वेळा दोन क्लाउड एकमेकांच्या अंगावर येतात. स्टीमचा क्लाउड एक, आणि कॉम्प्युटरवरचा डॉक्युमेंट्स फोल्डर दुसऱ्याच कुठल्या क्लाउडला जोडलेला असतो तो दुसरा. एक बंद करा. ऑटोसेव्ह वर्षाला एकदा असेल तर कमी अंतराचा करा, थोडं अडखळेल पण चालेल. आयर्नमॅन खेळत असाल तर सेव्ह एकच, मागे जायची सोय नाही, तेव्हा खेळून झाल्यावर ती फाइल हाताने दुसरीकडे कॉपी करून ठेवा. फसवणूक वगैरे नाही ही, वीज गेली तर काय करणार.

मोठा अपडेट आला आणि तुमचा दोनशे वर्षांचा खेळ अर्ध्यात आहे? तो सेव्ह नव्या व्हर्जनमध्ये उघडू नकाच. उघडेल कदाचित, पण वीस वर्षांनी काहीतरी विचित्र दिसेल. स्टीमच्या प्रॉपर्टीजमध्ये बीटाच्या पानावर जुनी व्हर्जन्स निवडता येतात, जुनं निवडा, खेळ संपवा, मग नवं घ्या.

मल्टिप्लेअरमध्ये आउट ऑफ सिंक होत राहिलं, म्हणजे खेळाडूंचे खेळ एकमेकांशी जुळेनासे झाले, तर सगळ्यांचा चेकसम (गेमच्या फाइल्स सारख्या आहेत का ते सांगणारा कोड) सारखा आहे का ते मेन मेनूवर बघा, मॉड सारखे आणि त्याच क्रमाने हवेत, नुसते सारखे असून भागत नाही. तरी झालं तर होस्टने सेव्ह करून सगळ्यांनी मेन मेनूपर्यंत बाहेर येऊन परत होस्ट करायचं. आम्ही तिघं खेळतो तेव्हा दर दीड तासाने हे मुद्दाम करतो, चहाची सुट्टी म्हणून, आणि स्पीड चारच्या वर नेत नाही, कारण आमच्यातल्या एकाचा लॅपटॉप त्याहून जास्त झेपत नाही आणि तो ते कबूल करत नाही.

एवढं करूनही अडलात आणि मला विचारायचं असेल तर तीन गोष्टी सोबत द्या, गेमचं व्हर्जन, मॉडची यादी क्रमासकट, आणि घोळ व्हायच्या आधीचा सेव्ह, नंतरचा नको. आणि पाठवण्याआधी एकदा दावेदाराची तब्येत बघून घ्या.